विश्लेषण : डॉक्टरांची चिठ्ठी पुन्हा कोण तपासणार? आळंदी-चाकणच्या दवाखान्यांना ‘क्लिनिकल फार्मासिस्ट’ का हवा?

ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात औषधांची फेरतपासणी करणारा क्लिनिकल फार्मासिस्ट गेली दहा वर्षे काम करतो आहे. २०२६ पासून तिथे नव्याने नोंदणी होणारा फार्मासिस्ट काही मर्यादांत स्वतः औषधही लिहून देऊ शकणार आहे. आपल्याकडे चिठ्ठी तपासण्याचे काम २०१५ पासून नियमानेच फार्मासिस्टवर सोपवलेले आहे. पण आळंदी, चाकण किंवा भोसरीतल्या किती रुग्णांनी ते होताना पाहिले असेल? हे काम नेमके काय, ते का होत नाही आणि झाले तर कुणाचे काय वाचेल?

चर्चा आताच का?

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात ‘कोल्ड्रिफ’ नावाचे खोकल्याचे औषध घेतलेली मुले दगावली. त्यांतली बहुतेक पाच वर्षांखालील होती आणि अनेकांवर नागपुरात उपचार सुरू होते. तामिळनाडूच्या तपासणीत या औषधात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडले. मान्य मर्यादा आहे ०.१ टक्का. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही त्या बॅचची विक्री आणि वापर थांबवण्याचे आदेश दिले. कंपनीवर गुन्हा दाखल झाला, औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला अटक झाली आणि त्या अटकेचा डॉक्टरांच्या संघटनेने निषेध केला.

या वादात एक मुद्दा मागे पडला. बाटलीत विष आहे हे दुकानातल्या फार्मासिस्टला कळणे शक्य नव्हते, ते प्रयोगशाळेचे काम. पण या औषधात क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन हे मिश्रण होते. ते चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच राज्यांना कळवले होते. मुलाचे वय विचारणे आणि ‘हे औषध या वयाला चालत नाही’ असे डॉक्टरांना फोन करून सांगणे, एवढे काम करणारा कुणी त्या साखळीत असता, तर विषारी निघालेली बाटली निदान चार वर्षांखालच्या मुलांच्या हातात गेली नसती. क्लिनिकल फार्मासिस्टची गरज समजून घ्यायला याहून साधे उदाहरण सापडणार नाही.

क्लिनिकल फार्मासिस्ट नेमके काय करतो?

तो निदान करत नाही आणि काउंटरवर औषध विकतही नाही. रुग्णाची सगळी औषधे समोर ठेवून तो पाहतो, की एकच औषध दोन नावांनी चालू आहे का, एक गोळी दुसरीला मारक ठरते आहे का, मूत्रपिंडाच्या तपासणीचा आकडा पाहता डोस जास्त होतो आहे का आणि दोन वर्षांपूर्वी सुरू झालेली गोळी आजही लागते का. जे आढळेल ते तो डॉक्टरांना सांगतो. बदल करायचा की नाही हे डॉक्टर ठरवतात.

यातला ‘दोन नावांनी एकच औषध’ हा प्रकार आपल्याकडे विशेष मोठा आहे, कारण एकेका औषधाचे बाजारात डझनावारी ब्रँड आहेत. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० मध्ये संपले आणि ते पाहता पाहता ढीगभर नावांनी विकले जाऊ लागले. भोसरीच्या डॉक्टरांनी एका नावाने आणि चाकणच्या डॉक्टरांनी दुसऱ्या नावाने लिहिले, तर रुग्णाच्या दृष्टीने ती दोन वेगळी औषधे असतात. तो दोन्ही घेतो.

ब्रिटनचा अनुभव काय सांगतो?

तिथे २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ‘पिन्सर’ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ७२ दवाखाने त्यात होते. काही दवाखान्यांना संगणकाने फक्त धोक्याच्या रुग्णांची यादी दिली, तर काही ठिकाणी यादीसोबत फार्मासिस्टही जाऊन बसला. पोटात व्रण होऊन गेलेल्यांना संरक्षक गोळीशिवाय वेदनाशामक देणे, दम्याच्या रुग्णाला बीटा ब्लॉकर देणे, वृद्धांना रक्ततपासणीविना ठरावीक रक्तदाबाच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू ठेवणे या तीन चुका मोजल्या गेल्या. सहा महिन्यांनी, फार्मासिस्ट असलेल्या दवाखान्यांत तिन्ही चुका स्पष्टपणे कमी होत्या. म्हणजे नुसत्या यादीने जे झाले नाही, ते यादी हातात घेऊन डॉक्टरांशी बोलणाऱ्या माणसाने झाले.

२०१५ मध्ये ‘एनएचएस इंग्लंड’ने प्रायोगिक योजना सुरू केली. आधी दीड कोटी पौंड ठेवले होते, ते काही महिन्यांत तीन कोटी दहा लाखांवर नेले. २०१९ पासून सरकार अशा फार्मासिस्टच्या पगाराचा ७० टक्के भाग देऊ लागले आणि २०२० पासून पूर्ण पगार. खरी गोम इथे आहे. तिथल्या डॉक्टरांनी फार्मासिस्टला जागा दिली, कारण त्याचा पगार त्यांच्या खिशातून जात नव्हता.

सगळे गोडच झाले असे नाही. दवाखान्यांतल्या नोकऱ्यांमुळे रस्त्यावरच्या औषध दुकानांना माणसे मिळेनात. हा निधी डॉक्टर नेमायला वापरता येत नसल्याने नव्याने शिकलेले फॅमिली डॉक्टर बेकार राहिल्याची ओरड झाली आणि २०२४ मध्ये त्यांचाही योजनेत समावेश करावा लागला.

आळंदीतला रुग्ण औषधे कुठून घेतो?

आळंदीची रचना पाहिली की प्रश्न कळतो. खेड तालुक्यातले हे नगरपरिषदेचे गाव. एका अंगाला चाकणची औद्योगिक वसाहत, दुसरीकडे मरकळ रस्त्यावरचे कारखाने, देहूफाट्यावरून पुढे गेले की पिंपरी-चिंचवड, आणि मधे इंद्रायणीकाठी माउलींची समाधी. धर्मशाळा आणि मठांत राहणारी वयस्कर मंडळी, वारकरी शिक्षण घेणारी मुले, तीन पाळ्यांत राबणारे मराठवाड्यातले आणि परप्रांतातले कामगार असे सगळेच इथल्या दवाखान्यांचे रुग्ण.

अशा पट्ट्यात पहिला डॉक्टर बहुधा खासगी असतो आणि अनेकदा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचा पदवीधर असतो. तपासणी आणि दोन-तीन दिवसांच्या गोळ्या एकाच रकमेत. कामगाराला हे परवडते. खाडा न करता तो रात्री दवाखान्यात जाऊ शकतो आणि वेगळ्या मेडिकलची पायरी चढावी लागत नाही. स्वतःच्या रुग्णाला औषध देण्याची मुभा डॉक्टरांना कायद्यानेच आहे, त्यासाठी दुकानाचा परवाना लागत नाही. त्यामुळे पुडीत गोळ्या देणे बेकायदा नाही. अडचण एवढीच, की पुडीवर औषधाचे नाव नसते.

समजा, ६५ वर्षांचे एक आजोबा आहेत. रक्तदाबासाठी त्यांना पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयातून टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी मिळते. गुडघे दुखतात म्हणून गावातल्या दवाखान्यातून पुडी येते, तीत डायक्लोफिनॅक असते. तिन्ही औषधे आपापल्या जागी योग्य. एकत्र आली, त्यात उन्हाने अंगातले पाणी कमी झाले, की मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. रुग्णालयाला पुडीची माहिती नाही, दवाखान्याने रुग्णालयाचा कागद पाहिलेला नाही आणि आजोबांच्या लेखी एक ‘बीपीची’, एक ‘लघवीची’ आणि एक ‘दुखण्याची’ गोळी आहे. तिन्ही औषधे एकत्र पाहणारा माणूस या साखळीत कुठेच नाही.

सांधेदुखीच्या पुडीत स्टेरॉइड असेल तर प्रकरण आणखी अवघड. चार-सहा महिने रोज घेतल्यावर ते एकदम बंद केले तर शरीर स्वतःचे संप्रेरक लगेच बनवू शकत नाही. पण नावच माहीत नसेल तर पुढच्या डॉक्टरने काय विचारायचे?

एकादशी, रात्रपाळी आणि ‘१-०-१’

औषधाच्या चिठ्ठीवर १-०-१ लिहिलेले असते. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. चाकणमध्ये रात्री अकराच्या पाळीला जाणाऱ्या कामगाराची ‘सकाळ’ कोणती? तो दुपारी उठतो, संध्याकाळी जेवतो, पहाटे डबा उघडतो. मधुमेहाची गोळी जेवणाशी जोडायची की घड्याळाशी, हे त्याला समजावून सांगायला एकेका रुग्णामागे पाच-सात मिनिटे लागतात. गर्दीच्या ओपीडीत ती डॉक्टरांकडे नसतात.

आळंदीत याहून मोठा विषय उपवासाचा आहे. महिन्याला दोन एकादशी आणि कार्तिक वद्य एकादशीला तर सगळे गाव भरलेले. मधुमेहासाठी सर्रास दिले जाणारे ग्लिमेपिराइड किंवा जुने ग्लिबेनक्लामाइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही, हे ते पाहत नाही. निर्जळी उपवास धरला आणि सकाळची गोळी सवयीने घेतली, की दुपारपर्यंत साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि भोवतालच्यांना वाटते, भजनात उभे राहून चक्कर आली. मेटफॉर्मिन एकटेच चालू असेल तर हा धोका बराच कमी. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या गोळ्यांत धोका वेगळा आहे. त्या लघवीवाटे साखरेबरोबर पाणीही बाहेर काढतात आणि दीर्घ उपवासात रक्तातले आम्ल वाढण्याची शक्यता निर्माण होते. उलट उपवासाला साबुदाणा, भगर, बटाटा भरपेट खाणाऱ्याची साखर वर जाते. म्हणजे ‘उपवासाला गोळी घेऊ नका’ हा सरसकट सल्लाही चुकीचा आणि ‘रोजच्यासारखी घ्या’ हाही. कुणाची कोणती गोळी, उपवास कसला, मूत्रपिंड कसे आहे, हे पाहूनच ठरवावे लागते. स्वतःच्या मनाने गोळी बंद करणे यात बसत नाही.

आषाढी वारीतही हेच. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर. आरोग्य विभाग ‘आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी’ या उपक्रमातून पालखी मार्गावर दवाखाने आणि रुग्णवाहिका उभ्या करतो. ही व्यवस्था मोलाची आहे, पण ती मुख्यतः त्रास झाल्यानंतरची. प्रस्थानापूर्वीच्या आठवड्यात आळंदीतच वयस्कर वारकऱ्यांच्या औषधांच्या पिशव्या तपासल्या, तर वाटेतले काही प्रसंग टळतील.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आणि ३१ कोटींहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब असल्याचा अंदाज आहे. या दोन आजारांत औषध वर्षानुवर्षे, बहुधा जन्मभर चालते. तपासणीचे काम एकदाच करून भागत नाही.

कायद्यात हे काम कुणाकडे आहे?

जुन्या पिढीला कंपाउंडर आठवत असेल. डॉक्टरांच्या खोलीला लागून लाकडी खिडकी, बाटलीवर चिकटवलेली कात्री मारलेली पट्टी आणि ‘दिवसातून तीन वेळा’ असे बजावणारा माणूस. १९४८ चा फार्मसी कायदा आला तेव्हा अशा कामाचा पाच वर्षांचा अनुभव असलेल्यांनाही पहिल्या नोंदवहीत फार्मासिस्ट म्हणून घेण्याची सोय होती. दवाखान्यात औषध जाणणारा दुसरा माणूस, ही कल्पना आपल्याला नवी नाही. पुढे औषधे कारखान्यातून तयार पाकिटात येऊ लागली. पेनिसिलिन बनवणारा ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ १९५४ मध्ये याच पिंपरीत उभा राहिला. मिश्रण बनवण्याची गरज संपली आणि कंपाउंडरबरोबर त्याचे बजावून सांगणेही गेले.

फार्मसी कायद्याच्या कलम ४२ नुसार नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कुणीही चिठ्ठीवरचे औषध देऊ शकत नाही. ‘फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५’ त्याच्याही पुढे जातात. चिठ्ठी आली की औषधांची पुनरावृत्ती, परस्परविरोध, चुकीचा डोस किंवा कालावधी, अॅलर्जी आणि गैरवापर तपासावा, गरज पडल्यास डॉक्टरांशी बोलावे आणि रुग्णाला औषध कसे घ्यायचे, गोळी चुकली तर काय करायचे हे सांगावे, असे त्यात नमूद आहे. २०२१ च्या दुरुस्तीत ‘क्लिनिकल फार्मासिस्ट’ हे पदही आले. ब्रिटनमधला फार्मासिस्ट जे करतो त्यातले बरेचसे, औषध लिहिणे सोडून, आपल्या नियमांत छापलेले आहे. दुकानदाराला डॉक्टरने लिहिलेल्या ब्रँडऐवजी दुसरा ब्रँड देण्याचीही मुभा नाही, त्यामुळे त्याने काही आढळले तर डॉक्टरांना विचारणे हाच एक मार्ग उरतो.

प्रत्यक्षात कित्येक दुकानांत भिंतीवर प्रमाणपत्र असते आणि खुर्चीत दुसराच कुणी. प्रमाणपत्र भाड्याने देण्याचा हा प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे. महेश झगडे राज्याचे अन्न व औषध आयुक्त असताना, २०१२-१३ च्या सुमारास, फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानांवर धडक कारवाई झाली. औषध विक्रेत्यांनी बंद पुकारले, मोठा वाद झाला. त्या मोहिमेने फार्मासिस्ट दुकानात असलाच पाहिजे हे लोकांना कळले. तो तिथे बसून काय करतो, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही.

शिकलेली माणसे आहेत का?

आहेत. ‘फार्म डी’ हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम देशात २००८ पासून सुरू आहे. पाच वर्षे शिक्षण आणि एक वर्ष रुग्णालयात उमेदवारी. विद्यार्थी वॉर्डात डॉक्टरांबरोबर फिरतात, रुग्णांची औषधे तपासतात. बाहेर पडल्यावर मात्र त्यांच्यासाठी पद नसते. त्यामुळे अनेक जण औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांत, वैद्यकीय लेखनात किंवा परदेशात जातात. पुण्याच्या आयटी पार्कमध्ये बसून परदेशी रुग्णांच्या औषधांचे दुष्परिणाम नोंदवणारा तरुण पाहिला, की ज्ञान कुठे कमी नाही हे लक्षात येते.

पैसे कोण देणार आणि डॉक्टरांचे म्हणणे काय?

गाडे इथेच अडते. दवाखान्याचा डॉक्टर एका रुग्णामागे जे घेतो त्यातून दुसऱ्या पदवीधराचा पगार निघत नाही. मेडिकल दुकानाचे उत्पन्न विक्रीवर. किंमत नियंत्रणाखालच्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के नफा धरलेला आहे. फार्मासिस्टने ‘यातली एक गोळी नको’ म्हटले की त्याचाच नफा कमी होतो. शिवाय दवाखान्याखालचे मेडिकल वरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर चालते. त्याच डॉक्टरांना फोन करून ‘डोस जास्त वाटतोय’ असे सांगायला किती दुकानदार धजावतील?

चाकणच्या वाहन कारखान्यांत सुटे भाग तपासणाऱ्याचा पगार त्याने किती भाग पास केले यावर ठरत नाही. ठरला असता तर तपासणीला अर्थ उरला नसता. औषधांच्या बाबतीत नेमके तेच झाले आहे. २०१५ चे नियम चांगले आहेत, पण ते ज्याच्यावर टाकले त्याचे पोट विक्रीवर आहे.

डॉक्टरांचा आक्षेपही समजून घ्यायला हवा. एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांना आधुनिक औषधे लिहू देण्यावरून २०२५ मध्ये राज्यात मोठा संघर्ष झाला, १८ सप्टेंबरला अॅलोपॅथी डॉक्टरांनी संपही केला. या वातावरणात ‘फार्मासिस्टही आता चिठ्ठीत लक्ष घालणार’ म्हटले की भुवया उंचावतात. पण औषध लिहिणे आणि लिहिलेले तपासणे ही दोन वेगळी कामे आहेत. ब्रिटनने दहा वर्षांत पहिल्याकडे जेवढी वाटचाल केली तेवढी इथे करण्याची गरज नाही आणि आजच्या स्थितीत ती शहाणपणाचीही नाही. तपासणीने डॉक्टरांचे अधिकार कमी होत नाहीत, कारण अंतिम निर्णय त्यांचाच राहतो.

मग सुरुवात कुठून होऊ शकते?

जिथे फार्मासिस्टला पगार आधीच मिळतो तिथून. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘औषध निर्माण अधिकारी’ हे पद आहे. आळंदीसारख्या ग्रामीण रुग्णालयात, महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात फार्मासिस्ट आहेत. विक्रीशी त्यांचा संबंध नाही, हीच त्यांची सर्वांत मोठी जमेची बाजू. पण त्यांचा दिवस साठा मोजण्यात, ‘ई-औषधी’ प्रणालीत नोंदी करण्यात आणि खिडकीतून गोळ्या देण्यात जातो. नावात ‘निर्माण’ असले तरी काम भांडारपालाचे. साठ्याचे काम दुसऱ्याकडे देऊन आठवड्यातला एक दिवस मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांच्या औषध तपासणीला ठेवला, तर नवे पद निर्माण न करताही सुरुवात होते. फार्म डी महाविद्यालयांना उमेदवारीसाठी रुग्णालये लागतातच. त्यांचे विद्यार्थी अशा दिवशी पर्यवेक्षणाखाली बसू शकतात. खासगी दवाखान्यांना पुडीवर औषधाचे नाव आणि डोस लिहिणे सक्तीचे करायला तर खर्च जवळजवळ नाहीच.

तोवर रुग्णाच्या हातात दोन गोष्टी आहेत. कोणत्याही डॉक्टरकडे जाताना घरातली सगळी औषधे, पुड्या, काढे आणि भस्मेही एका पिशवीत घालून न्यावीत आणि पुडी घेताना औषधाचे नाव कागदावर लिहून मागावे. औषधाने त्रास झाला, असे वाटले तर आधी डॉक्टरांना दाखवावे. त्यानंतर ‘फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया’च्या १८००-१८०-३०२४ या नि:शुल्क क्रमांकावर रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः नोंद करू शकतात. त्यासाठीचा अर्ज मराठीतही आहे.